४० म्हणजे आयर्विनचं का?

पहाटे ३:१२, ए-४०१ (बाबा)
३:०५ ला ४०. बोंडल्यानं पाजलं. शू झाली, शी नाही. ढेकर निघाला. आत्ता झोपलीय, देवा झोपू दे

३:१९, सेक्रेटरी काका
४०??? आयर्विन पुलाला कृष्णेचं पाणी ४० फूट झालं का? रात्री झोपताना ३१ बघितलं होतं मी. एवढ्यात कसं चढलं? कोयनेतनं सोडलं का?

३:२०, बी-००१
काका ४० म्हणजे इशारा पातळी की ओ. गाड्या काढायच्या का? आमचा तळमजला आहे, २०१९ च्या पुरात फ्रीज सुद्धा वर नेता आला नव्हता, लवकर सांगा

३:२२, सी-२०३ (सिस्टर)
अहो शू झाली म्हणलंय त्यानं. आयर्विन पूल शू करत नाही. झोपा सगळे.

३:२६, ए-४०१ (बाबा)
सॉरी सॉरी. घरच्या ग्रुपवर टाकायचा होता, दोन्ही ग्रुपला गणपतीचाच फोटो आहे आणि डोळे उघडत नाहीयेत. ४० मिली दूध आहे ते. पाणी चढलेलं नाही

३:२८, सेक्रेटरी काका
बी-००१ ची गाडी निघाली पण बाहेर. काळजात धस्स झालं राव. असो, ढेकर निघाला हे बरं झालं.

सकाळी ७:४०, ए-३०१
तक्रार म्हणून नाही बरं का, पण एक ते तीन आम्हीपण जागेच होतो वरचा आवाज ऐकत. दिवसभर तर एवढीशी गप झोपलेली असते. काय होतंय काय तिला रात्रीचं?

७:५२, सी-२०३ (सिस्टर)
काही होत नाही. दिवस कुठला रात्र कुठली हे त्यांना दोन-तीन महिने कळतच नाही. पोट एवढंसं, २४ तासात आठ ते बारा वेळा पाजावं लागतं, मग रात्रीचे तीनचार वेळा आलेच. दिवसा खिडकी उघडी ठेवा, घरातले आवाज चालू द्या, रात्री मात्र अंधार आणि कमी बोलणं, हळूहळू बसतं.

८:०५, बी-१०१ (आजी)
तसं नाही. दूध पुरत नसणार. पोट भरलं की पोर कशाला रडतंय. वरचं चालू करा म्हणावं. आणि गुटी देताय का नाही? वेखंड, जायफळ, हळकुंड सहाणेवर उगाळून मधातनं चाटवायचं, गप झोपतंय बघा

८:११, सी-२०३ (सिस्टर)
आजी मध अजिबात नको. वर्षाचं होईपर्यंत बोटभर पण नाही. मधात कधीकधी असले जंतू असतात की आपल्याला काही होत नाही पण तान्ह्याचं अंग लुळं पडतं. आणि जायफळानं येते ती गुंगी, झोप नाही. सहा महिने फक्त अंगावरचं दूध, पाणी पण नाही.

८:१६, बी-१०१ (आजी)
माझी चार पोरं गुटीवर वाढलीत. धाकटा मिलिट्रीत आहे

८:१८, सी-२०३ (सिस्टर)
तुमच्या दुधावर वाढलीत ओ. श्रेय सहाणेला कशाला देताय.

८:३०, सेक्रेटरी काका
विषय आलाच आहे तर, चौथ्या मजल्यावर पॅसेजमध्ये दोरी बांधून लंगोट वाळत घातलेत, आपल्या नियमात पॅसेज मोकळा ठेवायचा आहे. काल लाईट रीडिंगवाल्याच्या डोक्यावर दुपटं पडलं. आणि परवा संध्याकाळी धुराचा वास आला म्हणून मी फायरचा सिलिंडर घेऊन चार मजले चढलो तर आत ओवा-शोपेची धुरी चाललेली.

९:४५, ए-४०१ (बाबा)
काका दोरीचं मान्य, काढतो. धुरी सासूबाईंनी घातली होती, ती पण बंद केली, बाळाला ठसका लागला आणि सिस्टरनी कोळशाची शेगडी बंद खोलीत नकोच म्हणून सांगितलं. पण पाऊस बघताय ना, गेले आठ दिवस एक लंगोट वाळत नाहीये, इस्त्री मारून मारून घालतोय, निम्मे तरी दमटच. खरं तर डिलिव्हरीनंतर ही माहेरीच जाणार होती पण माहेर सांगलवाडीत, जुलैमध्ये दहा दिवसाचं बाळ घेऊन नदीपलीकडं कोण जाईल, २०१९ ला तिची आई बोटीतनं बाहेर आलीय, त्यामुळं त्याच इकडं आल्यात. मला कंपनीतनं पाच दिवस मिळाले होते ते संपले. कुपवाडला फर्स्ट शिफ्ट आहे, काल मशीनवर उभ्या उभ्या डोळा लागला, शेजारच्यानं खांद्याला धरून हलवलं. म्हणून रात्री लिहून ठेवतो किती पाजलं किती वाजता, कारण सकाळी मला आठवतच नाही आणि हिला पण नाही, मग दोघांचं भांडण, की मी पाजलं का तू पाजलं.

९:५०, ए-३०१
आमच्या वॉशिंग मशीनला ड्रायर आहे. संध्याकाळी बादली खाली आणून ठेवत जा, विचारू नका.

९:५८, सी-२०३ (सिस्टर)
बाकी ठीक, पण दूध मोजायला कुणी सांगितलं? बाळ अंगावर पीत नाही का?

दुपारी १:३५, ए-४०१ (आई)
पिते की सिस्टर. व्यवस्थित पिते. मोजायला कुणी सांगितलं नाही, मीच पंप मागवला. आज ग्रुप वाचून वाटलं बोलावंच. आमच्याकडं गेल्या दहा दिवसात जेवढी माणसं आली ती चप्पल काढायच्या आधी एकच विचारतात, दूध पुरतंय का. बाळ कुणासारखं दिसतंय हे नंतर. पहिल्या दिवशी मी हो म्हणलं. तिसऱ्या दिवशी बहुतेक म्हणलं. मग मलाच वाटायला लागलं की नसेलच पुरत, म्हणून पाजून झालं की पंप लावून बाटलीवरच्या रेघा बघत बसते. ४० ची रेघ आहे ना तिच्यावर माझा जीव अडकलाय. परवा ३५ आलं तर मोरीत जाऊन नळ सोडून रडले, म्हणजे आईला ऐकू जाऊ नये. रडायचं कारण विचारलं तर मला सांगता पण येणार नाही. टाके दुखतात, बसता येत नाही नीट, हे अजून एकानं पण विचारलेलं नाही.

१:४४, सी-२०३ (सिस्टर)
वजन किती होतं आणि आता किती?

१:४६, ए-४०१ (आई)
जन्माला २ किलो ९००. चौथ्या दिवशी २ किलो ६८० झालं तेव्हा मी घाबरले. काल २ किलो ८५०.

१:५५, सी-२०३ (सिस्टर)
मग बाई तू पास आहेस. पहिल्या दिवसात सगळ्यांचंच वजन उतरतं, दहा टक्क्यांच्या आत असलं की चालतं, तिचं आठ पण नाही. दोन आठवड्यात जन्माच्या वजनावर आलं की झालं, ती दहा दिवसात पोचत आलीय. आता नीट ऐक. पंपात ३५ आलं म्हणजे तुझ्याकडं ३५ च आहे असं नसतं, बाळ ओढतं तसं मशीन ओढत नाही, आणि तू तर पाजून झाल्यावर लावतेस, म्हणजे ताट चाटून पुसून झाल्यावर भात मोजायला बसल्यासारखं. रेघा मोजू नको, लंगोट मोज. २४ तासात सहा किंवा जास्त ओले झाले म्हणजे पोटात जातंय. मिरजेत तीस वर्षं हेच सांगत आले बायकांना, निम्म्या तुझ्यासारख्याच यायच्या, सासूनं विचारलं म्हणून.
रडू येतं ते पण होतं, बाळंतपणानंतर अंगातले हार्मोन एकदम उतरतात. दोन आठवड्यात ओसरायला पाहिजे. नाही ओसरलं, किंवा बाळ झोपलं तरी तुला झोप येईना, किंवा नको नको ते विचार यायला लागले तर मोरीत जायचं नाही, डॉक्टरकडं जायचं. टाके संध्याकाळी येऊन बघते मी.

२:१०, ए-४०१ (बाबा)
मला नळाचं माहीत नव्हतं.

२:४०, बी-१०१ (आजी)
नातू लिहितोय मी सांगतेय. पोरी, मी तीनदा येऊन गेले आणि तिन्ही वेळा तेच विचारलं. माझी सासू मला दारातनं हेच विचारायची तेव्हा मला लई राग यायचा, तोंडातनं शब्द निघत नव्हता. आणि बघ आता मीच. अळीवाची खीर केलीय, नारळाचं दूध घालून. बेल वाजवत नाही, नातू बाहेर स्टुलावर ठेवून येईल. गुळ कमी वाटला तर सांग. गुटीचं मला अजून पटलेलं नाही पण मध राहू दे.

२:४८, बी-३०४
आमच्याकडं सुताराचं ड्रिल चालू आहे, आत्ता वाचलं. दुपारी १ ते ४ बंद ठेवायला सांगतो. ती झोपते कधी नक्की?

२:४९, ए-४०१ (आई)
ते तिला पण माहीत नाही

संध्याकाळी ६:१५, सेक्रेटरी काका
सर्वांसाठी. १) ए-४०१ ला बेल वाजवू नये, मी तिथं चिकटपट्टी लावून आलोय. २) बारशापर्यंत बघायला जायचं असेल तर आधी मेसेज, हात धुऊन, आणि ज्याला सर्दी आहे त्यानं फोटोवर समाधान मानावं. ३) पॅसेजमधली दोरी राहू दे, फक्त माणसाच्या डोक्यावर टेकणार नाही इतकी वर बांधा. ४) जन्माची नोंद २१ दिवसात व्हायला लागते, दवाखान्यातनं गेली का बघून घे रे. ५) दुधाबद्दल कुणी काही विचारणार नाही.

६:२०, बी-००१
काका माझी गाडी अजून मेन रोडला पावसात उभी आहे

मध्यरात्री २:४३, ए-४०१ (बाबा)
२:३० अंगावर पाजलं. मोजलं नाही. शी झाली, भरपूर

२:४४, ए-४०१ (बाबा)
अरे देवा परत इथंच

२:४७, सेक्रेटरी काका
असू दे, जागाच होतो. आयर्विन २९.