ओ-यू-जी-एच: अक्षरं तीच, मग उच्चार इतके वेगळे का?

सातवीची_आई
लेक मराठी माध्यमात सातवीला आहे. 'टफ' बरोबर वाचते आणि त्याच चालीवर 'थ्रू'ला 'थ्रफ', 'डो'ला 'डफ' म्हणते. शेवटची चार अक्षरं सारखीच ना! काही नियम आहे, की नुसतं पाठ करायचं?

निवृत्त_बाई
ती वाचते ते तर्काला धरूनच आहे, तिला हे आधी सांगा. वर्गात अशा मुलांना हसतात आणि मग ती मोठ्याने वाचायचीच थांबतात, याचं मला फार वाईट वाटतं.

नियम नाही, पण कारण आहे. यातला जीएच पूर्वी खरोखर उच्चारला जायचा, घशातून घासून येणाऱ्या 'ख'सारखा. जर्मन लोक रात्रीला 'नाख्ट' म्हणतात, त्यातला 'ख' तिला ऐकवा. इंग्रजी 'नाइट'मधला मुका जीएच तोच. पुढे इंग्लंडात हा आवाज काही शब्दांतून पार गेला, काहींत त्याचा 'फ' झाला. कॅक्स्टन नावाच्या इंग्रज मुद्रकाने १४७६ मध्ये वेस्टमिन्स्टरला छापखाना काढला, आणि छपाईबरोबर जुनी स्पेलिंगं रुळत गेली. बोलणं बदललं, लिहिणं तसंच राहिलं.

मी अर्थासकट गट पाडून शिकवायचे. 'फ'वाले: रफ खरखरीत, इनफ पुरेसं, कॉफ खोकला, ट्रॉफ गुरांची गव्हाण. 'आउ'वाले: प्लाउ नांगर, बाउ झाडाची मोठी फांदी. 'ओ'वाले: डो मळलेली कणीक, दो म्हणजे 'जरी'. थ्रू, म्हणजे आरपार, वेगळा ठेवा. पुढे टी आला की बहुधा 'ऑट': बॉट, ब्रॉट, थॉट. ड्राउट, म्हणजे अवर्षण, तेवढा त्यात बसत नाही.

लंडनकर
लंडनच्या पश्चिमेला स्लाउ नावाचं गाव आहे. तेच स्पेलिंग 'स्लफ' वाचलं की अर्थ होतो कात टाकणं!

सातवीची_आई
बाई, गट आजच वहीत उतरवून घेते. 'डॉटर'मधला जीएचही त्यातलाच का?

निवृत्त_बाई
हो. जर्मनमध्ये 'टोख्टर', संस्कृतात 'दुहिता'. तिन्ही एकाच मुळातले. आणि अमेरिकन पुस्तकात नांगराचं स्पेलिंग पी-एल-ओ-डब्ल्यू दिसेल, ते चूक समजून खोडू नका.