तीन फुटी टाकी पुन्हा लावतेय, झाडं सगळी इथलीच हवीत

पंचगंगाकाठ

नमस्कार. बदलीमुळे तीन वर्षं गोंदियाला होते, आता कोल्हापुरात परत आलेय. जाताना मासे मैत्रिणीला दिले, टाकी गॅलरीत राहिली. 36 × 15 × 18 इंच, काठोकाठ भरली तर दीडशे लिटरच्या थोडं वर. मधल्या काळात सासूबाई त्यात कांदे ठेवत होत्या. काच धड आहे, पण मागच्या उजव्या कोपऱ्यातलं सिलिकॉन नखाने सुटतंय. जुनी वाळू ओलीच गोणीत बांधून ठेवली होती. काल सोडली तर तळाचा थर काळा आणि सडक्या अंड्यांचा वास.

मागच्या वेळी दुकानातून पाच प्रकारची झाडं आणली होती. त्यातली दोन मुळात पाण्यातली नव्हतीच, कुंडीतली ड्रॅसिना होती. महिन्याभरात देठापासून कुजली, पाणी बिघडलं आणि चार रोझी बार्ब मासे गेले. ते मला फार लागलं होतं. म्हणून या वेळी ठरवलंय, झाडांना द्यायच्या कार्बन डायऑक्साइड गॅसचा सिलिंडर नाही, परदेशी झाड नाही. आपल्या ओढ्यात, खाचरात वाढतं तेच लावायचं.

गावी, आंबा घाटाच्या बाजूला, आमच्याच खाचराच्या बांधाशी साचलेल्या पाण्यात लालसर देठाची, बारीक पानांची रोपं आहेत. बहुतेक रोटाला. ती चालतील का? कासला बघितलेली वायतुरा ही पाणवनस्पतीही मनात आहे. माती कुठली घालू? आणि मासे किती दिवसांनी सोडू?

तळकोकणी

ताई, आधी वायतुऱ्याचं. तो आणू नका. सह्याद्रीतल्या मोजक्या सड्यांवरच, म्हणजे खडकाळ पठारांवरच, तो उगवतो, जगात दुसरीकडे कुठेच नाही. पावसाळ्यात वर येतो, पाणी आटलं की कंद जमिनीत झोपतो. बारा महिने पाण्यात ठेवला तर तो विश्रांतीविना खचेल, आणि सड्यावरचा एक कंद कमी होईल तो वेगळाच. कासला जाऊन बघा, तिथेच तो शोभतो.

सिलिकॉन: फक्त सुटलेल्या जागी ठिगळ लावू नका. नवं सिलिकॉन जुन्यावर नीट धरत नाही. आतली सगळी पट्टी ब्लेडने खरवडून काढा, काच स्पिरिटने पुसा, मग नवी ओढा. बाथरूमसाठी मिळतं ते बुरशीरोधक सिलिकॉन घेऊ नका, माशांना विषारी ठरतं. तीन दिवस वाळू द्या, मग अंगणात सपाट जागी भरून दोन दिवस बघा. कोपऱ्याखाली वर्तमानपत्र ठेवा, ओल लगेच कळते.

वाळू टाकू नका. पाणी नितळ येईपर्यंत धुवा आणि कडक उन्हात पसरा, वास जाईल. खात्री नसेल तर चिमूटभर वाळूवर व्हिनेगर घाला. फसफसली तर त्यात शिंपल्यांचा चुरा आहे, पाणी जड होत राहील.

मातीसाठी कोल्हापूरची काळी नको. ती फुगते, आणि एक रोप उपटलं तरी दोन दिवस पाणी गढूळ राहतं. तुमच्या शेतातली लाल माती आणा, तिच्यात लोह भरपूर असतं. शेणखत, युरिया पडलेली नको. चाळून एक इंच थर द्या, तुमच्या टाकीला साधारण नऊ लिटर लागेल. वर दोन इंच वाळू. मी वाळू एकच इंच घातली होती, आणि प्रत्येक छाटणीला माती वर आली.

आता तुमची रोपं. भातखाचरातल्या रोटालाच्या काही जाती एका हंगामाच्या असतात, बी धरलं की संपल्या. म्हणून फुलोऱ्याआधीचे शेंडे खुडा, मुळासकट उपटू नका. पाण्याबाहेर वाढलेली पानं आत गेल्यावर गळतात, त्याला घाबरू नका. शेंड्याला नवी, पातळ पानं फुटली की रोप रुळलं. पण टाकीचा भार त्यांच्यावर टाकू नका. पहिल्या दिवसापासून हायड्रिला आणि व्हॅलिसनेरिया दाट लावा, कारण मातीतून सुटणारा अमोनिया पटापट वाढणारी झाडंच ओढून घेतात. क्रिप्टोकोरिन स्पायरॅलिस आपल्याच घाटातली आहे, मात्र घरी वाढवणाऱ्याकडूनच घ्या. लावल्यावर तिची सगळी पानं विरघळतील. मुळं तशीच राहू द्या. माझी पाचव्या आठवड्यात पुन्हा फुटली.

वालधुनी_72

मासे दिवस मोजून सोडू नका, पाणी तपासून सोडा. अमोनिया आणि नायट्राइट माशांना विषारी, दोन्ही सलग आठवडाभर शून्य दिसले पाहिजेत. ते पचवणारे जिवाणू रुजायला रिकाम्या टाकीला चार ते सहा आठवडे लागतात. मासे ज्या मैत्रिणीकडे दिलेत तिच्या चालू फिल्टरचा स्पंज तुमच्या टाकीत पिळा, वेळ बराच वाचेल. पाणी घाण दिसेल, काळजी नको, ते उपयोगाचे जिवाणू आहेत. तो स्पंज नळाखाली मात्र धुवू नका, क्लोरीनने सगळे मरतात. दिवा सहा तासच. पहिल्या महिन्यात शेवाळ येणार, तेव्हा वेळ वाढवायचा मोह टाळा.

खाचरातली रोपं थेट टाकीत नकोत. पोटॅशियम परमँगनेटच्या फिकट गुलाबी पाण्यात दहा मिनिटं, मग दोन आठवडे वेगळ्या बादलीत. चतुराची अळी एक जरी आली तरी लहान मासे फस्त करते.

पंचगंगाकाठ

तुम्हा दोघांचे मनापासून आभार. वायतुऱ्याचं पटलं, तो विषय बंद.

सात आठवड्यांनी लिहितेय. पट्टी पूर्ण काढून नवी लावली, वर्तमानपत्र कोरडं राहिलं. बादलीत खरंच दोन अळ्या निघाल्या, त्या परत बांधावर सोडून आले. रोटालाचे वीस शेंडे लावले होते, अकरा टिकले. खालचा देठ उघडा पडलाय, पण वरची चार पेरं नवी आहेत आणि पान बांधावरच्यापेक्षा निम्म्या रुंदीचं. व्हॅलिसनेरियाने वाळूखालून धुमारा सोडलाय, काचेला चिकटून तीन पिल्लं दिसतात. अमोनिया गेल्या नऊ दिवसांत शून्य आहे, नायट्राइट चाचणीत अजून किंचित रंग दाखवतो. त्यामुळे मासे नाहीत.

छाटलेल्या हायड्रिलाचं काय करता? घमेलंभर निघाली.

तळकोकणी

कुंडीत खत म्हणून घाला. रंकाळ्यात किंवा नदीत नको, देशी असली तरी. टाकीतल्या गोगलगायी आणि रोग तिच्याबरोबर जातात. नायट्राइटचा रंग गेला की आधी सहाच झेब्रा डॅनिओ सोडा, बार्बना अजून पंधरा दिवस थांबवा.