लोअर बाउंड अडलाय. पेपर लिक्स परिषदेला पाठवू की सीएसएल परिषदेपर्यंत थांबू?

दोन_चल_पुरे

नमस्कार मंडळी. पश्चिम महाराष्ट्रातल्या एका खाजगी इंजिनिअरिंग कॉलेजात शिकवतो, सोबत पीएचडी पार्ट-टाइम. गाइड मशीन लर्निंगचे. माणूस भला, पण माझं काम लॉजिकचं, त्यामुळे "तुझं तू बघ" असा कारभार आहे.

काम असं: शब्दांवरचं (म्हणजे अक्षरांच्या ओळींवरचं) दोन चलांचं फर्स्ट-ऑर्डर लॉजिक, म्हणजे एफओ-टू. त्यात क्रम आहे, लगतची जागा आहे, आणि मी मोजणीचं एक प्रेडिकेट, म्हणजे खरी-खोटी ठरणारी अट, जोडलंय. सॅटिस्फायबिलिटी, म्हणजे दिलेलं सूत्र कुठल्या तरी शब्दावर खरं होतं का हा प्रश्न, एक्स्पस्पेसमध्ये (घातांकी मेमरीत) बसते, हा अपर बाउंड सिद्ध झालाय. लोअर बाउंड, म्हणजे प्रश्न किमान इतका अवघड आहे याची हमी, मात्र नेक्स्पटाइमच्या (नॉनडिटरमिनिस्टिक घातांकी वेळेच्या) वर हलायला तयार नाही, आणि तेवढा तर साध्या एफओ-टूकडूनच फुकटात मिळतो. माझी त्यात कमाई शून्य.

जानेवारीत लिक्सची तारीख येतेय. बाउंड जुळत नसताना पाठवणं म्हणजे हसं करून घेणं आहे का? की तो सुटेपर्यंत थांबून उन्हाळ्यानंतर सीएसएलला द्यावं? शिवाय प्रूफ तीसेक पानांचं आहे, ते बारा पानांत कोंबायचं कसं?

कॉलेजचं वेगळंच. एचओडी म्हणतात, "कॉन्फरन्सला काय किंमत, जर्नल दाखवा." आणि पंधरा दिवसांत ॲक्सेप्टन्स देतो म्हणून मेल पाठवणाऱ्या दुकानांची फी हेच लोक बिनबोभाट मंजूर करतात. प्रमोशनच्या फॉर्मात "प्रथम लेखक आहात का?" असा रकाना आहे. माझं आडनाव श वरून, सहलेखकाचं ब वरून.

बोर्दोची_सांगलीकर

जानेवारीतच पाठव. पण एका अटीवर, ती खाली सांगते.

अर्धवट निकाल लिक्समध्ये चालत नाही असं कोण म्हणालं? तुझ्याच गल्लीतलं उदाहरण घे. २०१६ची लिक्स न्यूयॉर्कला झाली. तिथे क्रेब्स, लोडाया, पंड्या आणि स्ट्रॉबिंग यांचा पेपर होता. पंड्या तेव्हा आपल्या मुंबईच्या टीआयएफआरचे, लोडाया चेन्नईच्या मॅथसायन्स संस्थेचे. त्यांनी एफओ-टूला "क्ष आणि य यांच्या मधे अमुक अक्षर येतं" एवढंच प्रेडिकेट जोडलं. नुसत्या दोन चलांत जे म्हणताच येत नाही, त्यातलं हे सगळ्यात साधं. सॅटिस्फायबिलिटीचे बाउंड त्यांचे जुळले होते. पण कुठली भाषा या लॉजिकात बसते हे ओळखायची जी बीजगणिती अट होती, ती आवश्यक आहे एवढं सिद्ध झालं होतं. पुरेशी आहे हे फक्त दोन अक्षरांच्या वर्णमालेपुरतं. हे त्यांनी ॲबस्ट्रॅक्टमध्येच सरळ लिहिलं. बाकीचं २०१८मध्ये बर्मिंगहॅमच्या सीएसएलला आलं. म्हणजे तुझ्या यादीतल्या दोन्ही ठिकाणी एकच गोष्ट दोन हप्त्यांत छापून आली, आणि कोणी हसलं नाही.

आता अट. त्या चौघांकडे अडलेल्या भागाशिवाय सांगण्यासारखं बरंच होतं: एकाच ताकदीची अनेक लॉजिकं, फर्स्ट-ऑर्डरही आणि टेम्पोरलही (म्हणजे "पुढे कधीतरी", "मागे कधीतरी" असं बोलणारी). तुझ्याकडे एक्स्पस्पेसच्या पलीकडे काय आहे? एटेसामी, वर्डी आणि विल्के यांचा १९९७च्या लिक्समधला पेपर तू वाचला असशीलच. नेक्स्पटाइम-कंप्लीट एवढंच म्हणून ते थांबले असते तर आज तो इतका कुणी काढून वाचला नसता. एफओ-टू म्हणजेच युनरी टेम्पोरल लॉजिक, हे त्यात आहे म्हणून लोक वाचतात. तुझ्या मोजणीच्या प्रेडिकेटलाही असा टेम्पोरल जोडीदार सापडला असेल तर दोन बाउंडमधल्या गॅपसकट लिक्सला दे. नुसता अपर बाउंड असेल तर माझ्या मते सीएसएल बरी.

पानांचं. मला पीसीवाल्या (परिषदेच्या निवडसमितीतल्या) लोकांकडून सब-रिव्ह्यूसाठी पेपर येतात, तेव्हा मी काय करते ते सांगते. पहिली तीन पानं छापून ट्रॅममध्ये पेन्सिल घेऊन बसते. पहिल्या पानावर प्रमेय दिसलं नाही तर समासात "कुठंय?" लिहिते. दुसऱ्या पानावर एखादा खराखुरा शब्द हवा, "अअबअब" असला पाच अक्षरांचा चालेल, आणि त्यावर तुझं प्रेडिकेट कुठे खरं होतं, कुठे खोटं, ते दाखवलेलं हवं. नुसती व्याख्या वाचून माझं डोकं चालत नाही, आणि रात्री अकराला वाचणाऱ्या दुसऱ्या रिव्ह्यूअरचंही चालत नसणार. अपेंडिक्स वाचायचं की नाही ही रिव्ह्यूअरची मर्जी. म्हणून तीस पानांतली जी एक युक्ती खरी तुझी आहे, ती मुख्य मजकुरात पूर्ण सोडव. बाकीची लेमा (छोटी सहायक प्रमेयं) खुशाल मागे जाऊ देत.

नाव लपवायचंय हे ध्यानात ठेव. "आम्ही मागे दाखवल्याप्रमाणे" चालणार नाही, स्वतःलाही परक्यासारखं साइट करायचं. आभार काढून टाक. सीएसएलचं लिपिक्स (परिषदांच्या प्रोसीडिंग्जची मालिका) टेम्प्लेट वापरशील तेव्हा त्यात अनॉनिमस हा पर्याय तयारच आहे. आर्काइव्हवर (छापून येण्याआधी पेपर टाकायच्या साइटवर) टाकायचं असेल तर तुझ्यासारख्या पहिलटकराला तिथे एंडॉर्समेंट, म्हणजे जुन्या लेखकाची शिफारस, लागू शकते. ते आताच उरकून घे.

मास्तर_निवृत्त

बोर्दोकरबाईंशी सहमत, पण हे एफएसटीटीसीएसला, म्हणजे भारतातल्या थिअरीच्या परिषदेला, कसे विसरले सगळे? १९८१पासून दर डिसेंबरात आपल्याच देशात भरते. प्रोसीडिंग्ज २००८पासून लिपिक्समध्ये, कुणालाही फुकट वाचता येतात, हक्क लेखकाकडेच राहतात. व्हिसा नाही, युरोचा हिशेब नाही.

वेळापत्रक असं धरा. लिक्सचा निकाल साधारण एप्रिलात लागतो. नाही आला तर शेरे वाचून दुरुस्ती करायची आणि जुलैच्या सुमारास एफएसटीटीसीएस किंवा सीएसएल यांपैकी एकीकडे पाठवायचं. एकाच वेळी दोन्हीकडे नाही, हे सांगायला नको, तरी सांगतो. सीएसएल २०२०पासून जानेवारी-फेब्रुवारीत सरकली आहे, जुन्या आठवणीवर जाऊ नका. आणि बाहेरगावी निवड झालीच तर एसीएम इंडिया आणि आयएआरसीएस या संगणकशास्त्राच्या संस्थांचं प्रवास अनुदान आहे, पेपर ॲक्सेप्ट झाल्या झाल्या अर्ज टाका.

ब_वरून_आडनाव

रकान्याबद्दल बोलतो, कारण मी त्यातून गेलोय. थिअरीत लेखकांची नावं अकारविल्हे लागतात, योगदानाप्रमाणे नाही. मी फॉर्मला एक पानाचं पत्र जोडलं: या शाखेत क्रम आडनावाचा असतो, आणि हे बघा याच कॉन्फरन्सचे मागच्या वर्षीचे पेपर. पाच-सहांची पहिली पानं प्रिंट काढून लावली. समितीला पत्र पटलं की कंटाळा आला ठाऊक नाही, पण सही झाली. जर्नल हवंच असेल तर परिषदेनंतर पूर्ण तीस पानं, सगळ्या प्रूफसकट, एलएमसीएस या जर्नलला पाठवता येतात. लॉजिकवाले ते मानतात, आणि लेखकाकडून पैसे घेत नाहीत.

एक मात्र बजावतो. एचओडी "माझंही नाव टाका" म्हणाले तर तिथेच नाही म्हणा. त्यांचं आडनाव आ वरून निघालं तर फॉर्मात तेच प्रथम लेखक.

दोन_चल_पुरे

सगळ्यांचे आभार. एचओडींचं आडनाव खरंच आ वरून आहे, हसू नका.

ताई, टेम्पोरल जोडीदार आहे. मर्यादित मोजणीचा एक ऑपरेटर घेतला की दोन्ही दिशांनी भाषांतर होतं. पण ते मला किरकोळ वाटलं, म्हणून अपेंडिक्समध्ये बाविसाव्या पानावर ठेवलंय.

बोर्दोची_सांगलीकर

बाविसाव्या?! अरे बाबा, पेपर तोच आहे! ते पहिल्या पानावर आण, प्रमेय एक म्हणून. एक्स्पस्पेस त्याच्या पाठोपाठ येऊ दे. गॅप एका वाक्यात कबूल कर, आणि "जवळजवळ ऑप्टिमल" असले शब्द अजिबात वापरू नकोस. शीर्षकही बदलावं लागेल, सध्याचं जे काही असेल ते.

शीर्षक आणि ॲबस्ट्रॅक्ट नोंदवायची तारीख पेपरच्या आठवडाभर आधी असते. ती हुकली तर पेपर घेतच नाहीत. वेळ बहुतेकदा एओई असते, म्हणजे पृथ्वीवर जिथे दिवस सगळ्यात शेवटी मावळतो तिथली. आपल्याकडे दुसऱ्या दिवशी संध्याकाळचे साडेपाच. तुझं त्या दिवशी प्रॅक्टिकल असेल तर आधीच कुणाशी तरी बदलून घे.