फ्लुकोनाझोल (बुरशीवरची गोळी) घेतली की आठ दिवस बरं, पुन्हा खाज. यीस्ट वाढतंय कशानं?

परभणीकर_मुलगा:
मावशी, वय ५४, शुगर आहे. छातीखाली आणि जांघेत लाल होऊन खाज सुटायलीय, खालून दह्याच्या कवड्यांसारखा पांढरा स्राव, वास नाही. फ्लुकोनाझोल १५० ची एक गोळी घेतली की आठवडाभर ठीक, मग पुन्हा तेच. मेडिकलवरून आणलेली ट्यूब लावली की खाज लगेच थांबते. शेजारचे सांगायलेत, पाव-इडली-आंबील बंद करा, यीस्ट त्यातनं येतंय. खरं कारण काय असू शकतं?

औषध_लातूर:
पाव-इडलीचा संबंध नाही. अंगात वाढतं ते कॅन्डिडा नावाचं यीस्ट (एक बुरशी), आणि ते तोंडात, आतड्यात, योनीत थोड्या प्रमाणात निरोगी माणसातही असतंच. त्याला आवर घालणारं काहीतरी सुटलं की ते माजतं.

आधी सांगा, शुगरची गोळी अलीकडे बदलली का? नावाच्या शेवटी ‘ग्लिफ्लोझिन’ आहे का बघा (डापाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन). ही औषधं रक्तातली साखर लघवीवाटे बाहेर टाकतात. म्हणजे रिपोर्ट सुधारतो आणि खालच्या भागात यीस्टला खाऊ मिळत राहतो. ‘शुगर तर नॉर्मल आलीय’ म्हणून हे कारण बहुतेक जण सोडून देतात. गोळी मनानं बंद करू नका, काहींना ती हृदय-किडनीसाठीही दिलेली असते. लघवीनंतर साध्या पाण्यानं धुऊन कोरडं करायचं आणि लिहून देणाऱ्या डॉक्टरांना सांगायचं.

दुसरं कारण अँटिबायोटिक. योनीतले लॅक्टोबॅसिलस जंतू आम्ल तयार करून पीएच साधारण ४.५ च्या खाली ठेवतात. अँटिबायोटिकनं ते मरतात; कॅन्डिडा बुरशी असल्यानं तिला काही होत नाही. सर्दी-पडशाला पाच दिवसांचा कोर्स घ्यायची सवय असेल तर ती आधी मोडा.

त्वचा_नांदेड:
त्या ट्यूबचं खोकं वाचा. क्लोबेटासोल किंवा बीटामेथासोन लिहिलं असेल तर ते स्टेरॉइड आहे. खाज तासाभरात दबते, पण त्वचेची प्रतिकारशक्तीही दबते आणि बुरशी खाली पसरते. जांघेत महिनोन् महिने लावली तर कातडी पातळ होऊन कायमचे चरे पडतात. बुरशीचं, जंतूंचं आणि स्टेरॉइडचं औषध एकाच ट्यूबमध्ये, हा प्रकार घरात ठेवूच नये.

घडीत लाल चट्टा आणि कडेला सुटे लाल ठिपके असतील तर कॅन्डिडा. गोल कडा आणि मधे साफ असेल तर गजकर्ण. ती बुरशी वेगळी, औषधाचा काळही वेगळा. शंका असेल तर केओएच तपासणी करा: चट्टा खरवडून सूक्ष्मदर्शकाखाली बघतात. छत्रपती संभाजीनगरच्या घाटी सरकारी रुग्णालयात किंवा अंबाजोगाईच्या सरकारी रुग्णालयात त्वचारोग ओपीडीत दाखवा.

कॅन्डिडाच असेल तर साधी क्लोट्रिमॅझोल १ टक्का, दिवसातून दोनदा, किमान दोन आठवडे. चौथ्या दिवशी खाज गेली म्हणून सोडतात, तिथंच परत येतं. आंघोळीनंतर घडी टिपून पूर्ण कोरडी, मगच मलम. उन्हाळ्यात घामानं ओलं झालेलं सुती ब्लाउज दुपारी बदला, नायलॉन नकोच.

परभणीकर_मुलगा:
गोळी डापाग्लिफ्लोझिन १० च निघाली, दोन महिन्यांपासून. सोबत शुगरचीच दुसरी गोळी, ग्लिमेपिराइड आहे. दम्याचा पंपही ओढते, जिभेवर पांढरं साचायलंय.

औषध_लातूर:
पंपात स्टेरॉइड असेल तर जिभेचं कारण बहुधा तेच. स्पेसर (पंपाला जोडायची पोकळ नळी) लावा, ओढून झाल्यावर पाण्यानं खळखळून चूळ भरून थुंका. पंप बंद करू नका. कवळी असेल तर रात्री काढून ठेवा. पांढरं हटलं नाही किंवा गिळताना दुखलं तर दाखवाच. कारण सापडत नसेल तर एचआयव्ही तपासणीही करतात, सरकारी दवाखान्यात फुकट होते.

आणि फ्लुकोनाझोल आता मेडिकलवरून परस्पर आणू नका. तिनं ग्लिमेपिराइडचा असर वाढतो, साखर एकदम खाली जाऊन घाम-थरथर होऊ शकते. वर्षात तीनदा किंवा जास्त झालं तर सहा महिने आठवड्याला एक गोळी असा कोर्स असतो, पण तो स्रावाची तपासणी करून, एचबीए१सी (तीन महिन्यांची सरासरी साखर) बघून डॉक्टरच ठरवतील.