हॉबी १६ : हलक्या जोडीने शिसं कुठे बांधायचं, आणि हा नियम न्याय्य आहे का?

उधाण
हॉबी १६ या दोन सांगाड्यांच्या (कॅटामरान) शिडाच्या होडीच्या शर्यतीत दोघांचं मिळून किमान १२९.३ किलो (२८५ पौंड) वजन लागतं. ११५ किलोच्या जोडीने उरलेले १४.३ किलो कसे न्यायचे? जाकिटात शिसं चालेल का? आणि जोराच्या वाऱ्यात हा नियम हलक्यांच्याच मुळावर येत नाही का?

शिडकरी
जाकिटात नाही. वजन वाढवायला अंगावर काही घालणं शर्यतीच्या नियमांतच बसत नाही, आणि कपडे-सामानाला ८ किलोची मर्यादा आहे (ट्रॅपीझचा, म्हणजे होडीबाहेर लटकायच्या तारेचा, हार्नेस किंवा पट्टा त्यात धरत नाहीत).
शिसं होडीलाच बांधायचं. जागा सूचनापत्रकात दिली असेल तर तिथेच, नाहीतर डोलकाठीच्या पायथ्याजवळ, पुढच्या आडव्या नळीला. सपाट पट्ट्या पिशवीत घालून दोन ठिकाणी करकचून आवळा. सैल राहिलं तर प्रत्येक लाटेला आपटतं नि ट्रॅम्पोलीनची (दोन सांगाड्यांमधल्या ताणलेल्या कापडाची) शिवण उसवते. होडी उलटली की गाठ सुटून शिसं थेट तळाला.

वल्हेकर
मुळावर येतो, हे खरंच. मंद वाऱ्यात नियम चोख चालतो, कारण हलकी होडी पळते. पण १८ नॉटच्या (ताशी सुमारे ३३ किमी) पुढे हिशेब तरफेचा होतो. ट्रॅपीझवर बाहेर लटकलेलं शरीर होडीला आडवं होऊ देत नाही. मधोमध बांधलेलं शिसं नुसतं ओझं. शिवाय जड जोडीला कमाल मर्यादाच नाही.
तरी नियम काढा म्हणणाऱ्यांशी मी सहमत नाही. ७४ नि ५६ किलोची स्त्री-पुरुष जोडी शिशाशिवाय अटीत बसते, हे या आकड्याचं मोठं काम. ही अट नसती तर मंद वाऱ्याच्या ठिकाणी सगळे जोडीला हलकी पोरंच शोधत बसले असते.
हलक्यांनी जोराच्या वाऱ्यात डाउनहॉल (शीड खाली ताणणारी दोरी) पूर्ण खेचावा, ट्रॅव्हलर (मुख्य शिडाची दोरी बाजूला सरकवणारी गाडी) बाहेर सोडावा. वाऱ्याबरोबर जाताना दोघांनी मागे सरकावं. या होडीचं वाऱ्याआडचं नाक चटकन पाण्यात घुसतं.

उधाण
दुसरा उपाय आहे का?

शिडकरी
फॉर्म्युला १८ या दुसऱ्या कॅटामरान वर्गात शिडंच बदलतात: हलक्या जोडीला लहान जिब (पुढचं शीड) नि १९ चौ. मी. स्पिनेकर (वाऱ्याबरोबर जातानाचं फुगणारं शीड), जडांना मोठी जिब नि २१ चौ. मी. मला ही पद्धत जास्त पटते, पण शिडांचे दोन संच म्हणजे खर्च. होड्या आयोजकांच्या असतील तर आणखी अडचण.

वल्हेकर
आयोजकांच्या होड्या हॉबीच्या जागतिक स्पर्धेचं बलस्थान आहे. जोड्या होड्या बदलत जातात, त्यामुळे पैशाने वेग विकत घेता येत नाही. मात्र होडी हातात आली की पाण्यात उतरण्याआधी पाहा: दोन्ही सुकाणूंची पाती समांतर आहेत का (दोन्ही पात्यांच्या पुढच्या कडांमधलं नि मागच्या कडांमधलं अंतर फितीने मोजा, ते सारखं हवं), ती खाली नीट अडकतात का, बॅटन (शिडातल्या ताठ पट्ट्या) ढिले आहेत का, शॅकलच्या (जोडकड्यांच्या) पिना घट्ट आहेत का. दोष दिसला तर शर्यतीआधीच किनाऱ्यावर सांगा. हरल्यावर आठवलेल्या सुकाणूसाठी पंच सवलत देत नाहीत.