बेसचा आवाज खोल पण स्वच्छ कसा आणायचा? मदत हवी आहे
मंडळी, मी बेस गिटार वाजवतो, माझा १०० वॅटचा बेस कॉम्बो (अ‍ॅम्प आणि स्पीकर एकाच पेटीत) आहे, १२ इंची स्पीकरवाला. घरी एकटा वाजवतो तेव्हा मस्त खोल आवाज येतो पण बँडबरोबर हॉलवर गेलो की नुसतं घूं घूं, कुठला स्वर वाजतोय तेच कळत नाही आणि बेसचा नॉब वाढवला तर ड्रमरच्या स्नेअर ड्रमखालची तार खरखरायला लागते. बेसची सगळ्यात खालच्या स्वराची ई तार ४१ हर्ट्झची म्हणून मी तिथेच वाढवत बसलो होतो. मग २५० हर्ट्झच्या आसपास कमी केलं, ८०० ला थोडं वाढवलं, तर बोटं तारेवर पडलेली अगदी स्पष्ट ऐकू आली पण खालचा दम गेला. अ‍ॅम्प कोपऱ्यात भिंतीला टेकून असतो, पुढे ओढून स्टूलवर ठेवू का? की आधी हाय-पास फिल्टर (अगदी खालचे आवाज कापणारा) घेऊ? हॉलवर वाजवणाऱ्यांनी प्लीज सांगा, गणपतीत कार्यक्रम आहे.