नियंत्रित मालाच्या यादीबरोबर शेवटचा ग्राहकही तपासा

अण्वस्त्रांचा प्रसार रोखायला युरेनियम आणि अणुभट्ट्यांच्या विक्रीवर पहारा ठेवला की पुरे, असं काही जण म्हणतात. मला ते अजिबात पटत नाही. खरा धोका साध्या दिसणाऱ्या मालात असतो: मॅरेजिंग स्टील (अतिशय मजबूत पोलाद), व्हॅक्यूम पंप, फ्रिक्वेन्सी कन्व्हर्टर (विजेची वारंवारता बदलणारं यंत्र). बॉम्बसाठी युरेनियम समृद्ध करणाऱ्या सेंट्रिफ्यूज यंत्रांतही हे लागतं. मूतखडे फोडणाऱ्या यंत्रातले स्पार्क गॅप स्विच (क्षणार्धात जोरदार वीज सोडणारे स्विच) अणुबॉम्ब चेतवायलाही चालतात! रुग्णालयाला ते नाकारायचे कसे?

१९७४च्या पोखरण चाचणीनंतर अणुपुरवठादार गट (अणुमालाच्या निर्यातीचे नियम ठरवणारा देशांचा गट) उभा राहिला, पण अशा दुहेरी वापराच्या वस्तूंसाठी त्याचे नियम यायला १९९२ उजाडलं. तेही इराकचा छुपा अण्वस्त्र कार्यक्रम उघड झाल्यावर. ऑक्टोबर २००३मध्ये लिबियाकडे निघालेल्या 'बीबीसी चायना' या जहाजावर सेंट्रिफ्यूजचे भाग सापडले. पाकिस्तानी अणुशास्त्रज्ञ ए. क्यू. खान यांच्या तस्करीच्या जाळ्याने ते मलेशियात बनवून घेतले होते आणि दुबईमार्गे पाठवले होते. ते सापडले गुप्तवार्तेमुळे, निर्यात परवान्याच्या तपासणीत नव्हे. एप्रिल २००४मध्ये सुरक्षा परिषदेच्या ठराव १५४०ने निर्यात नियंत्रण सर्वच देशांना बंधनकारक केलं, हे फार मोठं पाऊल होतं. पण माल ज्या बंदरांतून पुढे वळवला जातो, तिथे तो शेवटी कोणाच्या हाती पडणार हे विचारणारा प्रशिक्षित सीमाशुल्क अधिकारी हवा. पैसा आधी तिथे लागायला हवा.